चार्ली चॅप्लिन आपल्या गावात दाखवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या शाळा, वाचनालयं, गणेश मंडळं आणि वसतिगृहं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. खाली जिथं ‘चॅप्लिन’ लिहिलं आहे तिथं तो हाडामासाचा माणूस, नट आणि दिग्दर्शक. जिथं ‘चार्ली’ लिहिलं आहे तिथं टोपी-काठीवालं सोंग, इंग्रजीत ज्याला ‘ट्रॅम्प’ म्हणतात ते. या दोघांची सरमिसळ झाली की निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

हे सिनेमे मोबाईलवर सहज मिळतात. मग पडदा बांधायचा खटाटोप कशाला?

कारण चार्ली पायांनी बोलतो. चॅप्लिन कॅमेरा शक्यतो इतका लांब ठेवायचा की माणूस डोक्यापासून बुटापर्यंत एका चौकटीत दिसावा. तोंड एक सांगत असतं आणि पाय दुसरंच करत असतात. मोबाईलच्या पडद्यावर तो बोटाएवढा होतो आणि हा सगळा पायांचा संवाद वाया जातो. सहा फूट उंच पडद्यावर तो जवळजवळ खऱ्या माणसाच्या मापाचा दिसतो, तेव्हा दुसरीतलं लेकरूसुद्धा न सांगता हसतं. शिवाय हे सिनेमे भरल्या सभागृहासाठी घडवलेले आहेत. एक हशा ओसरेपर्यंत पुढची गंमत थांबलेली असते. एकट्यानं पाहताना तीच जागा रिकामी वाटते आणि माणूस म्हणतो, “फार संथ आहे.”

लेकरांना पाच मिनिटांत त्याची ओळख करून द्यायची, तर काय सांगावं?

जन्म १६ एप्रिल १८८९, लंडन. आई हॅना आणि वडील चार्ल्स, दोघंही रंगमंचावर गाणारे. वडील घरात नव्हते. ते दारूच्या पायी १९०१ मध्ये गेले. आईचा आवाज गेला, कामं गेली, पुढं मनाचा तोल गेला आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. सातव्या वर्षी चॅप्लिन आणि त्याचा थोरला सावत्र भाऊ सिडनी लँबेथच्या अनाथ-निराधारांच्या कामघरात पोहोचले, तिथून हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत. दहाव्या वर्षाच्या आगेमागे तो लाकडी तळाचे बूट घालून नाचणाऱ्या मुलांच्या पथकात पोट भरत होता. १९०८ मध्ये फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीत शिरला. न बोलता हसवायचं, आणि हसवता हसवता मधेच काळजाला हात घालायचा, हे शिक्षण तिथलं.

कंपनीबरोबर तो अमेरिकेला गेला. १९१३ च्या शेवटी कीस्टोन या सिनेमा कंपनीनं त्याला आठवड्याला १५० डॉलरवर घेतलं. १९१५ मध्ये एसेने कंपनीत आठवड्याला १,२५०, आणि १९१६ मध्ये म्युच्युअल कंपनीत आठवड्याला १०,००० डॉलर, वर सही करताना दीड लाख वेगळे. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. १९१९ मध्ये मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स हे नट आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्यासह त्यानं युनायटेड आर्टिस्ट्स ही वितरण कंपनी काढली. त्यामुळं पुढं एका सिनेमाला दोन-तीन वर्षं घालवली तरी त्याला विचारणारा मालक उरला नाही.

पगाराचे आकडे जरूर सांगा, लेकरांना ते लक्षात राहतात. पण कामघर आधी सांगा. ‘द गोल्ड रश’मधला बूट खाण्याचा प्रसंग पाहताना त्यांना भुकेचा हिशेब कळलेला असला पाहिजे.

‘ट्रॅम्प’ला मराठीत काय म्हणायचं? भिकारी की भटक्या?

दोन्ही नको. चार्ली भीक मागत नाही. काम मागतो, मिळालं तर बिघडवतो, आणि शेवटचं नाणं दुसऱ्याला देऊन बसतो. ‘भटक्या’ म्हटलं की आपल्याकडं भटके-विमुक्त समाज डोळ्यांपुढं येतात आणि अर्थ भलतीकडं जातो. ‘भणंग’ बऱ्यापैकी जवळ जातो. सगळ्यांत सोपं म्हणजे ‘चार्ली’च म्हणावं.

समजावून सांगायचंच असेल तर सोंगाचा आधार घ्या. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात अंगावर सोंग चढतं, लोक हसतात आणि हसता हसता वर्मावर बोट ठेवलं जातं. बहुरूपी दारात पोलीस होऊन येतो तेव्हा त्याचा रुबाब खरा असतो आणि चप्पल फाटकी असते. चार्लीचं मूळ यातच आहे: चालीरीत साहेबाची, कपडे उकिरड्यावरचे. हे सोंग पहिल्यांदा लोकांनी पाहिलं ७ फेब्रुवारी १९१४ ला प्रदर्शित झालेल्या ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ या छोट्या पटात. शेवटचं पाहिलं १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये. म्हणजे अवघी बावीस वर्षं.

सुरुवात कुठल्या सिनेमानं करावी?

कीस्टोनच्या पटांनी करू नका. १९१४ च्या एका वर्षात त्यानं जवळपास तीन डझन पट केले. त्यांत धावाधाव, लाथाबुक्क्या आणि विटांची फेकाफेक फार. इतिहास म्हणून ते ठीक आहेत, पण पहिल्या रात्री गर्दी उठून जाते.

म्युच्युअलचे १९१६-१७ मधले १२ लघुपट ही सोन्याची खाण आहे. प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं. पहिल्या कार्यक्रमाला तीन पुरेत, या क्रमानं: ‘द रिंक’ (चाकांच्या बुटांवरची धमाल, तिथं घसरणारा चॅप्लिन स्वतःच आहे), ‘ईझी स्ट्रीट’ (दांडगाईच्या गल्लीत चार्ली पोलीस होतो), ‘द इमिग्रंट’ (पोट भरायला समुद्र ओलांडणारी माणसं). तिसरा शेवटी ठेवण्याचं कारण असं की पहिल्या दोहोंत लोक पोट धरून हसलेले असतात, आणि मग उपाहारगृहात खिशातलं नाणं हरवलेला चार्ली पाहताना त्यांना घाम फुटतो. काम शोधायला गाव सोडणारी माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. जहाजावर माणसांना दोरानं अडवून धरतात तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

मोठ्या पटांची लांबी: ‘द किड’ (१९२१) मूळ सुमारे ६८ मिनिटं आणि चॅप्लिननंच १९७१ मध्ये कापलेली आवृत्ती ५३, ‘द सर्कस’ (१९२८) ७२, ‘सिटी लाइट्स’ (१९३१) ८७, ‘मॉडर्न टाइम्स’ तेवढाच, ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) १२५. ‘द गोल्ड रश’च्या दोन आवृत्त्या फिरतात. १९२५ ची मूक, सुमारे ९५ मिनिटांची, आणि १९४२ ची ७२ मिनिटांची, जिच्यात संवाद सांगणाऱ्या लेखी पाट्या काढून चॅप्लिनच्या इंग्रजी आवाजातलं निवेदन घातलं आहे. गावात दाखवायला मूकच घ्या. इंग्रजी बडबड सुरू झाली की मागच्या रांगेची आपसात बोलणी सुरू होतात.

माणसं तुरुतुरु का पळतात? आमच्या फाईलमध्ये दोष आहे का?

सिनेमात दोष नाही, चालवण्यात आहे. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे आणि सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी टिपल्या जायच्या. बोलपट आल्यावर २४ हा वेग ठरला. जुनी फिल्म २४ नं चालवली की सगळे मुंग्यांसारखे पळतात.

हिशेब असा. एका रिळात १,००० फूट फिल्म, फुटात १६ चौकटी, म्हणजे १६,००० चौकटी. सेकंदाला १६ नं चालवलं तर १६ मिनिटं ४० सेकंद, २४ नं चालवलं तर ११ मिनिटं ७ सेकंद. दोन रिळांचा लघुपट तुमच्या फाईलमध्ये १७-१८ मिनिटांत संपत असेल तर समजा वेग चढवलेला आहे. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वेग ०.७५ ते ०.८५ वर आणा. बरोबर वेग ओळखायची खूण म्हणजे चालणारी साधी माणसं, रस्त्यावरचे बघे. ती नैसर्गिक चालली की थांबा. चार्लीकडं पाहून ठरवू नका, कारण पाठलागाच्या जागी चॅप्लिन मुद्दाम कमी चौकटी टिपायचा आणि ती घाई त्याला हवीच होती.

‘मॉडर्न टाइम्स’चा वेग मात्र अजिबात बदलू नका. त्याचा बराच भाग सेकंदाला १८ चौकटींनी टिपून २४ नं दाखवण्यासाठीच केलेला आहे. तो संथ केला तर कारखान्यातला सरकता पट्टाच मरतो, आणि ध्वनीही बिघडतो.

पडदा आणि प्रोजेक्टर यांचं माप काय धरावं?

चित्राची चौकट ४:३ आहे. ८ फूट रुंद, ६ फूट उंच. टीव्ही किंवा प्रोजेक्टरवर ‘फुल’, ‘स्ट्रेच’ असं काही सुरू असेल तर बंद करा, नाहीतर सडपातळ चार्ली गोल गरगरीत होतो आणि चालीतली नजाकत जाते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, त्या दिसू द्या.

कापड म्हणून पांढरा मांजरपाट चालतो, पण दोन पन्ने शिवताना शिवण आडवी घ्या आणि ती चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात येऊ द्या. शिवण उभी आली तर नेमकी चार्लीच्या तोंडावरून जाते. वरखाली बांबू ओवा. खालच्या बांबूला दोन्ही टोकांना विटा बांधा. एकट्या चार कोपऱ्यांच्या दोऱ्यांवर पडदा शिडासारखा फुगतो.

अंतर: आजचे बहुतेक प्रोजेक्टर १६:९ चे असतात. ६ फूट उंच चित्र हवं असेल तर त्याची पूर्ण चौकट १० फूट ८ इंच रुंद पडते. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर प्रोजेक्टर १६ फुटांवर ठेवा. इथं हमखास चूक होते. लोक ८ फुटांवरून हिशेब करतात, यंत्र १२ फुटांवर ठेवतात आणि चित्र साडेचार फुटांचंच पडतं. अंधाऱ्या गावठाणात प्रोजेक्टरचा ३,००० ल्युमेन उजेड पुरतो. हायमास्टचा दिवा समोर असेल तर ५,००० सुद्धा कमी. मारुतीच्या पारावर कार्यक्रम घेत असाल तर पडद्याची पाठ दिव्याकडं नको. उजेड कापडातून आरपार येतो.

वेळ: मे महिन्यात पावणेआठच्या आधी सुरू करू नका, उजेड रेंगाळतो. डिसेंबरात पावणेसातला चालतं. जून ते सप्टेंबर पाखरं येतात, ती थेट भिंगावर. पडद्यापासून तीस-चाळीस फूट बाजूला एक पिवळा बल्ब उंच लावला की बरीचशी तिकडं वळतात.

मधेच लाइट गेली तर?

प्रोजेक्टर ३०० वॉट, लॅपटॉप ६०, स्पीकर १००, एकूण ४६० धरा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. पण निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर खराब होते, आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. हाती साधारण साडेसातशे येतात, म्हणजे दीड तासाच्या आसपास. ‘सिटी लाइट्स’ ८७ मिनिटांचा आहे, जेमतेम बसतो. म्हणून आदल्या रात्रीपासून चार्जिंगला लावा आणि त्याच बॅटरीवर मंडपाची माळ जोडू नका.

प्रोजेक्टरचा दिवा जुन्या पद्धतीचा असेल तर लाइट गेल्यावर लगेच पुन्हा चालू करू नये. तो गार व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. एलईडी किंवा लेझर यंत्राला हा त्रास नाही.

इंग्रजी पाट्यांचं काय करायचं?

एक वाचक नेमा. मूकपटांच्या काळातही आपल्याकडं पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारे असायचे. चॅप्लिनच्या पाट्या थोड्या आणि आखूड असतात, त्यामुळं हे काम शाळेतली नववीची मुलगीही करू शकते. तयारी अशी: सिनेमा दोनदा पाहायचा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा प्रत्येक पाटीची वेळ लिहून. पाटी पाच-सहा सेकंद राहते. तेवढ्यात आठ-दहा मराठी शब्द बसतात, त्याहून लांब वाक्य पुढच्या दृश्यावर सांडतं.

तीन चुका नेहमी होतात. वाचक पाट्यांच्या मधल्या जागी समालोचन सुरू करतो, “आता बघा हं काय होतं!” आणि गंमत आधीच फुटते. दुसरी, पुस्तकी मराठी. “हे बालक कोणाचे आहे?” असं म्हणू नका. “हे लेकरू कुणाचं?” एवढं पुरतं. तिसरी, लोक हसत असताना वाचणं. हशा सरू द्या, पाटी गेली तर गेली.

‘सिटी लाइट्स’मध्ये एक जागा राखून ठेवा. आंधळी फुलवाली चार्लीला श्रीमंत का समजते? पोलीस टाळायला चार्ली उभ्या मोटारीच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारानं बाहेर येतो. ते दार लागल्याचा आवाज ती ऐकते. मग मोटारीचा खरा मालक बसून निघून जातो आणि तिला वाटतं, गिऱ्हाईक सुट्टे पैसे न घेताच गेलं. आवाजावर बेतलेली ही युक्ती मूकपटात प्रेक्षकाला नुसत्या डोळ्यांनी कळली पाहिजे. या फुलवालीच्या प्रसंगाचे ३४२ वेळा चित्रण झाल्याची नोंद आहे. तिथं वाचकानं शब्दही काढू नये.

मागं कुठलं संगीत वाजवावं?

‘सिटी लाइट्स’ आणि ‘मॉडर्न टाइम्स’ यांना चॅप्लिननं स्वतः दिलेलं संगीत आहे, त्याला हात लावू नका. त्याला नोटेशन लिहिता येत नव्हतं. तो गुणगुणायचा, व्हायोलिन डाव्या हातानं वाजवायचा आणि जाणकार ते उतरवून घ्यायचे.

लघुपटांना मात्र गावचे वादक बसवा. पेटी आणि ढोलकी पुरेत. नियम दोनच. माणूस पडल्यावर थाप मारायची, पडायच्या आधी नाही. आणि भूक, एकटेपणा आला की ढोलकी खाली ठेवायची, पेटीवर एकच सूर धरायचा. डीजे नको. हलगी फक्त ‘ईझी स्ट्रीट’च्या मारामारीला शोभते, पण बंदिस्त खोलीत तीसुद्धा नको.

हंगामी वसतिगृहातल्या लेकरांना ‘द किड’ दाखवावा का?

दाखवावा, पण पहिला नको, आणि सोबत कुणी ओळखीचं नसताना तर नकोच. आईबाप ऊसतोडीला गेलेले, दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत लेकरं गावात. पडद्यावर सरकारी माणसं चार्लीनं वाढवलेल्या पोराला त्याच्या हातून ओढून गाडीत घालतात आणि ते हात पसरून रडतं. पाच-सहा वर्षांची लेकरं इथं खरोखर रडतात. प्रोजेक्टर बंद करू नका. चार्ली छपरांवरून धावत जाऊन त्याला परत मिळवतो, तिथपर्यंत पोहोचू द्या. मधेच बंद केलं तर त्यांच्या मनात ते पोर गाडीतच राहतं. रोज जेवू घालणाऱ्या ताई किंवा गुरुजी लेकरांच्या मधोमध बसलेले असावेत, मागं खुर्चीवर नव्हे. आधी एखाद्या दिवशी ‘द सर्कस’ दाखवलेला असला की चार्ली ओळखीचा झालेला असतो.

मोठ्या मुलांना नंतर दोन गोष्टी सांगता येतात. हा पट करण्याआधी, जुलै १९१९ मध्ये, चॅप्लिनचं पहिलं मूल तीन दिवसांचं होऊन गेलं होतं. आणि त्यातलं पोर झालेला जॅकी कूगन मोठा झाल्यावर त्याची लहानपणीची कमाई घरच्यांनी उडवल्याचं निघालं. त्यावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या पैशाला संरक्षण देणारा कायदा झाला.

विनोद कसा बांधला आहे हे नाटकाच्या मुलांना कसं दाखवावं?

‘द पॉनशॉप’ (१९१६) मधला घड्याळाचा प्रसंग घ्या. गहाण ठेवायला आणलेलं घड्याळ चार्ली तपासतो. आधी डॉक्टरसारखी नळी लावून. मग डबा उघडायच्या हत्यारानं झाकण काढतो, हुंगतो, आतले भाग मोजतो, आणि शेवटी सगळा चुरा गिऱ्हाइकाच्या टोपीत घालून मान हलवतो: घेता येणार नाही. मुलांना आवाज बंद ठेवून हा तुकडा तीनदा दाखवा. पहिल्यांदा नुसतं हसू द्या. दुसऱ्यांदा फक्त हात पाहायला सांगा. तिसऱ्यांदा फक्त गिऱ्हाइकाचं तोंड. हात कधीही विनोदी वागत नाहीत, ते कसबी कारागिराचे हात आहेत. सगळी गंमत त्या गंभीरपणात आहे. आपली मुलं विनोद करताना प्रेक्षकाकडं पाहून डोळे मिचकावतात, तिथंच ती घसरतात.

‘द गोल्ड रश’मध्ये बूट खाताना हेच आहे. नाडी शेवयांसारखी काट्यावर गुंडाळणं, खिळे हाडांसारखे चोखणं. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता. ‘मॉडर्न टाइम्स’चं जेवण भरवणारं यंत्र दाखवाल तेव्हा मक्याच्या कणसाशी थांबा. यंत्र बिघडलं आहे, पण चार्लीच्या तोंडावर पाहुणचाराचा संकोच आहे.

वेशभूषा स्पर्धेसाठी चार्ली कसा सजवावा?

सूत्र विरोधाचं आहे आणि ते चॅप्लिननं स्वतःच सांगून ठेवलं आहे: कोट घट्ट, विजार ढगळ, टोपी लहान, बूट मोठे. मिशी अशासाठी की वय वाढावं, पण चेहऱ्यावरचे भाव झाकू नयेत.

कोट लेकराच्या मापाहून दोन वर्षं लहान भावंडाचा घ्या, एकच गुंडी लावा. विजार वडिलांची, कमरेला सुतळी. बूट मोठे हवेत, पण आत वर्तमानपत्र कोंबून टाच घट्ट बसवा, नाहीतर पायरीवर पोर तोंडावर पडतं. टोपीसाठी डोक्याच्या मापाचं पातेलं उपडं घाला, त्यावर तेल लावा आणि मैद्याच्या खळीनं कागदाचे सहा-सात थर द्या. उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळते, श्रावणात चार-पाच लागतात. घाई केली की काठ खाली लोंबतो. सुटल्यावर पुठ्ठ्याचा काठ लावून काळा रंग.

काठी वेताची, लेकराच्या कमरेएवढी. वरचं वीतभर टोक रात्रभर पाण्यात भिजवा, वाफ द्या, तांब्याभोवती वाकवून सुतळीनं बांधा आणि दोन दिवस सोडू नका. कोरडा वेत वाकवला की तडकतो.

मिशी नाकपुड्यांपेक्षा रुंद नको. नुसतं काजळ घामानं ओघळतं. काजळाच्या पेन्सिलीनं काढून वर पावडर दाबली की तासभर टिकते. हिटलरशी गल्लत होते म्हणतात, ती टोपी आणि काठी नसली तरच.

चालताना टाचा जवळ आणि पंजे बाहेर, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे. कोपऱ्यावर वळताना एका पायावर लंगडत, दुसरा बाहेर ताठ, एक हात टोपीवर. हे चार दिवस शिकवा. पोशाखापेक्षा जास्त गुण याला मिळतात, आणि मिळायलाच हवेत.

पावांचा नाच मंचावर करता येईल का?

हो. ‘द गोल्ड रश’मध्ये दोन काट्यांना दोन छोटे पाव टोचून ते पायांसारखे नाचवले आहेत. आपला लादीपाव मऊ असतो, चार ठेक्यांत फाटतो. त्याऐवजी साठ-सत्तर ग्रॅमचे दोन लांबट कच्चे बटाटे घ्या, काटा तिरपा आणि दोन तृतीयांश आत. टेबल छातीपर्यंत उंच, हनुवटी काट्यांच्या मुठीच्या जरा वर, उजेड समोरून. नजर प्रेक्षकावर नको. कधी बटाट्यांवर, कधी बाजूला, जणू नाचणारे पाय आपलेच आहेत. दीड मिनिटाच्या वर ओढू नका.

गांधीजी आणि चॅप्लिन भेटले होते हे खरं का?

खरं. २२ सप्टेंबर १९३१, लंडनच्या पूर्व भागात कॅनिंग टाउनमध्ये, डॉ. चुनीलाल कटियाल यांच्या घरी. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी आले होते आणि त्यांनी चॅप्लिनचा एकही पट पाहिलेला नव्हता. चॅप्लिननं विचारलं ते यंत्रांना असलेल्या विरोधाबद्दल. पाच वर्षांनी ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्या भेटीतूनच तो सुचला असं भाषणात ठोकून देतात, तसं म्हणू नका. कारखान्यांतली बेकारी त्यानं युरोप-अमेरिकेत डोळ्यांनी पाहिली होती.

व्हॉट्सॲपवर फिरतात ते विचार त्याचे आहेत का?

बहुतेक नाहीत. “मला पावसात चालायला आवडतं…” हे वाक्य त्याच्या कुठल्याही लिखाणात सापडत नाही. “मी स्वतःवर प्रेम करू लागलो तेव्हा…” ही कविता त्याची नाही. स्वतःच्याच नकलेच्या स्पर्धेत तो हरला, ही गोष्टही पुराव्याशिवाय फिरते. फलकावर लिहायला काही हवं असेल तर जन्मतारीख आणि सिनेमाचं नाव लिहा.

त्याच्या लग्नांबद्दल, अमेरिकेतून हाकलल्याबद्दल विचारलं तर?

लपवू नका. चार लग्नं, अकरा मुलं. पहिल्या दोन्ही बायका लग्नाच्या वेळी कोवळ्या, सोळा वर्षांच्या होत्या, आणि ते संसार वाईट रीतीनं मोडले. १९४३ मध्ये ऊना ओनीलशी लग्न झालं तेव्हा तो ५४ चा आणि ती १८ ची. हे नातं त्याच्या मरणापर्यंत टिकलं. कला मोठी म्हणून हे बरोबर ठरत नाही. बालविवाहाविरुद्ध ज्या शाळा काम करतात त्यांनी तर हे स्पष्ट बोलावं.

अमेरिकेचं नागरिकत्व त्यानं कधीच घेतलं नाही. कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतला गेला. सप्टेंबर १९५२ मध्ये ‘लाइमलाइट’ या आपल्या पटाच्या लंडनमधल्या खेळासाठी तो जहाजानं निघाला आणि वाटेत असतानाच त्याचा परत येण्याचा परवाना रद्द झाला. मग तो स्वित्झर्लंडमध्ये वेवेजवळ राहिला. १९७२ मध्ये मानद ऑस्कर घ्यायला वीस वर्षांनी अमेरिकेत पाऊल ठेवलं. १९७५ मध्ये ‘सर’ झाला. २५ डिसेंबर १९७७ ला गेला.

‘द ग्रेट डिक्टेटर’ कुठल्या इयत्तेपासून?

नववीपासून, दुसरं महायुद्ध शिकवून झाल्यावर. हिटलरची टर उडवणारा तो बोलपट आहे, मराठी उपशीर्षकांशिवाय लावू नका. शेवटचं लांब भाषण मुलांना आधी मराठीत वाचून दाखवा, नाहीतर तिथं चुळबुळ होते. हिटलर चॅप्लिनपेक्षा अवघ्या चार दिवसांनी लहान होता. छळछावण्यांतलं खरं क्रौर्य तेव्हा ठाऊक असतं तर हा विनोद करूच शकलो नसतो, असं चॅप्लिननं आत्मचरित्रात लिहिलं आहे. हे नक्की सांगा.

परवानगी लागते का?

भारतात सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. त्या हिशेबानं म्युच्युअलचे लघुपट मोकळे आहेत. पण संगीताचा हक्क वेगळा, आणि तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. चॅप्लिन १९७७ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या संगीतासाठी २०३७ अखेरपर्यंत. मोठे पट त्याच्या संगीतासह दाखवायचे तर रीतसर परवानगी मागा. तिकीट लावणार असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. लघुपट, गावचा वाचक आणि गावची पेटी-ढोलकी, यात अडचण येत नाही.

सिनेमा संपल्यावर दिवे कधी लावायचे?

‘सिटी लाइट्स’च्या शेवटी फुलवालीला दिसू लागलेलं असतं. ती समोरच्या फाटक्या माणसाच्या हातात नाणं ठेवते आणि त्या हाताच्या स्पर्शावरून त्याला ओळखते. चार्लीचा चेहरा, तोंडाशी फूल, आणि चित्र काळं होतं. तिथं पुढच्या कार्यक्रमाची सूचना माईकवर देऊ नका. आभारप्रदर्शनही नको. स्विचपाशी बसलेल्याला आधीच सांगून ठेवा: मनात तीसपर्यंत मोजायचं, मग पहिला दिवा मागच्या बाजूचा लावायचा. पडद्यावरचा सगळ्यांत शेवटी.